आत गेलं ते अडकलं!

मावशीचा मुगा स्कॅन (हृदय रक्त किती नीट ढकलतं ते पाहणारी तपासणी) ठरला आणि घरात चर्चा सुरू झाली: रक्तात किरणोत्सारी धातू सोडणार, मग तो जन्मभर तिथंच राहणार का? नाही. हा धातू म्हणजे टेक्नेशियम-९९एम, आणि ते दर ६ तासांनी निम्मं होतं. २ दिवसांत त्याचा २५६वा भाग उरतो, तोही शरीरानं काहीच बाहेर टाकलं नाही असं धरून.

मला खरी गंमत वाटते ती धातू तांबड्या पेशीत अडकतो कसा याची. त्यासाठी आधी जुन्या, किरणोत्सारी क्रोमियम-५१कडे वळू या. १९५०च्या सुमारास पेशींचं आयुष्य मोजायला ते वापरू लागले. पेशीच्या आवरणात ‘बँड ३’ नावाचं प्रथिन असतं. क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांची अदलाबदल हे त्याचं रोजचं काम. क्रोमेट (ऑक्सिजनशी जोडलेलं क्रोमियम) हेही ऋणभारित, त्यामुळे तेही याच दारातून आत घुसतं. आत त्याला इलेक्ट्रॉन मिळतात, ६ संयुजेचं क्रोमियम ३ संयुजेचं होतं, हिमोग्लोबिनला चिकटतं आणि परतीची वाट बंद! रक्ताच्या नमुन्याच्या नळीत उरलेलं क्रोमेट पेशींत शिरू नये म्हणून काय घालायचे? चक्क क जीवनसत्त्व. ते हीच अभिक्रिया पेशीबाहेर उरकतं.

पेशी मेली की सुटलेलं क्रोमियम दुसऱ्या पेशीत जाऊ शकत नाही, ते लघवीवाटे जातं. लोह-५९ या किरणोत्सारी लोहाचं तसं नाही. शरीर लोह फारसं टाकत नाही. मेलेल्या पेशीतलं लोह हाडांतल्या मज्जेत परत जाऊन नव्या पेशीत बसतं. म्हणून नव्या पेशी किती बनतात ते लोह सांगतं, जुन्या किती जगतात ते क्रोमियम. तेही थोडं चुकतंच: १२० दिवस जगणाऱ्या पेशींतली निम्मी खूण ६० दिवसांनी जायला हवी, पण २५ ते ३५ दिवसांतच जाते, कारण रोज साधारण १ टक्का क्रोमियम जिवंत पेशींतूनही झिरपतं.

 

टेक्नेशियमही बँड ३मधूनच शिरतं, पण एकटं असलं तर आलं तसं निघून जातं. त्याचं क्षपण करून (म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन) अडकवायला आत कथिल लागतं. मावशीला आधी कथिलाचं इंजेक्शन देऊन २० मिनिटं बाकावर बसवलं होतं, ते त्यासाठी. तिला वाटलं, मशीन बिघडलंय.