रडताना दातखीळ का बसते?

विदर्भात लग्नसराई भरते ती ऐन उन्हाळ्यात. मांडवाबाहेर पारा 44-45 वर, कुलर सगळे वऱ्हाडी मंडळींकडे वळवलेले. बिदाईची वेळ झाली की नवरीसकट आई, मावशा, आत्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात आणि त्यातल्या एखादीची दातखीळ बसते. हाताची बोटं आखडतात, ओठांभोवती मुंग्या येतात. “तिले पानी पाजा, पानी!” असा गलका होतो. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कोणी दातांत चमचा घालतं. मयतीच्या घरीही हेच.

घडतं ते असं. हुंदके देताना माणूस गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं आणि त्यात मोकळं फिरणारं कॅल्शियम प्रथिनांना चिकटून बसतं. हे मोकळं कॅल्शियम नसांना आवरून धरतं. ते कमी झालं की नसा उगाचच चाळवतात, स्नायू आखडतात. कार्बन डायऑक्साइड घटल्यानं मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून भोवळ येते. बाईच्या हाडांत कॅल्शियम कमी आहे असा याचा अर्थ नाही. श्वास संथ झाला की सगळं काही मिनिटांत जागेवर येतं.

तेव्हा आधी घोळका मागे सारायचा. तिला बसतं करून, समोर बसून, चुलीतला निखारा फुंकणीनं हलकेच फुलवावा तसा सावकाश श्वास सोडायला सांगायचं. घ्यायला लागतो त्याहून सोडायला जास्त वेळ लागला पाहिजे. चमच्यानं दात तुटतात, बाकी काही होत नाही. पाणी तर त्या क्षणी नकोच, हुंदक्यासरशी ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मात्र शुद्ध हरपली, छातीत कळ आली किंवा एक बाजू लुळी पडली, तर ते रडण्याचं दुखणं नव्हे; 108 ला फोन लावायचा.

घशात आवंढा अडकतो त्याचं कारण वेगळं. भावना अनावर झाल्या की जास्त हवा मिळावी म्हणून कंठद्वार उघडं राहू पाहतं आणि गिळताना तर ते मिटावंच लागतं. या ओढाताणीत गोळा अडकल्यासारखं वाटतं. हुंदके ओसरल्यावर घोट-घोट पाणी प्यायलं की तो सुटतो. म्हणजे पाणी पाजणाऱ्या आत्याबाई चुकत नाहीत, फक्त घाई करतात.

नाक वाहतं त्यात सर्दीचा संबंध नाही. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यात वर-खाली एकेक बारीक छिद्र असतं, आरशात नीट पाहिलं तर दिसतं. तिथून अश्रू नाकात उतरतात. जे मावत नाहीत ते गालावर येतात. शिंकरताना एका वेळी एकच नाकपुडी मोकळी करावी, दोन्ही दाबून जोर लावला की कानात दडे बसतात.

रडून डोकं दुखतं ते बरंचसं कपाळ, जबडा आणि मानेचे स्नायू ताठून राहिल्यामुळे. डोळ्यांतून पाणी जातं ते फार थोडं, त्यानं शरीर कोरडं पडत नाही. पण पहाटेपासून मांडवात राबणारी, धड पाणीही न प्यायलेली बाई आधीच कोरडी पडलेली असते आणि रडणं त्यावर कडी करतं. तिला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी द्यावं, जमलं तर आंबील, आणि मान-खांदे जरा चोळून द्यावेत. चहा मागून दिला तरी चालेल.

डोळे सुजतात कारण पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, तिच्याखालची जागा सैल; तिथे पाणी लगेच साचतं. पदरानं खसाखसा पुसलं की सूज वाढते. माठातल्या पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ सुती फडकं दहा मिनिटं मिटल्या डोळ्यांवर ठेवावं. थंडाव्यानं रक्तवाहिन्या आकसतात. झोपताना उशी उंच घ्यावी. मिरची खांडलेल्या हातानं डोळ्याला हात लावू नये, हे भिवापूरकडच्या कुणाला सांगायला नको.

फवारणीच्या दुपट्ट्यानं मात्र डोळे कधीच पुसू नयेत. अश्रुग्रंथीला ‘पाणी सोड’ हा निरोप नसांमधून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन पोचवतं. काम झालं की एक विकर (एन्झाइम) ते मोडून टाकतं. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नेमकं हे विकरच निकामी करतात, त्यामुळे निरोप थांबतच नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते अजून लोक विसरलेले नाहीत. कपाशीतून परतलेल्या माणसाच्या डोळ्यांतून धारा लागल्या, सोबत लाळ, घाम, मळमळ असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर अंगावरचे कपडे उतरवून, साबण-पाण्यानं अंग धुऊन त्याला लगेच दवाखान्यात न्यावं. धुणाऱ्यानं हातमोजे घालावेत, आणि निघताना औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल बरोबर घ्यावं, म्हणजे उतारा कोणता द्यायचा हे डॉक्टरला ठरवता येतं.