स्ट्रॉन्शियम किती आणि स्ट्रॉन्शियम कुठलं

माशाच्या कानातल्या खड्यावरून त्याचा नदी-समुद्र प्रवास कळतो, असं वाचताना ‘स्ट्रॉन्शियम गुणोत्तर’ हा शब्द हमखास येतो. गोंधळ तिथेच होतो, कारण या नावाखाली दोन वेगळी मोजमापं चालतात आणि त्यांची उत्तरं वेगळ्या प्रश्नांची आहेत.

खडा म्हणजे ओटोलिथ, कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यावर थर चढत जातात, पिलाच्या वयात तर रोज एक. बसलेला थर शरीर परत विरघळवत नाही. कॅल्शियमच्या जागी अधूनमधून त्याच्यासारखंच मूलद्रव्य, स्ट्रॉन्शियम, बसतं.

पहिलं मोजमाप त्याच्या प्रमाणाचं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच्या दर 1000 अणूंमागे स्ट्रॉन्शियमचे साधारण 8.5 असतात, बहुतेक नद्यांत बरेच कमी. म्हणून मासा खाऱ्या पाण्यात होता की गोड्या, हे यातून कळतं. सगळेच ईल मासे वाढायला गोड्या पाण्यात येतात, असा समज होता. 1998 मध्ये जपानी संशोधक कात्सुमी त्सुकामोतो आणि सहकाऱ्यांनी याच प्रमाणावरून दाखवलं, की काही ईल गोड्या पाण्यात कधी शिरलेच नव्हते. मात्र तापमान, वय, वाढीचा वेग यांनीही हा आकडा हलतो. आणि नदी कोणती, हे तो सांगत नाही.

ते सांगतं दुसरं मोजमाप: स्ट्रॉन्शियम-87 आणि 86 या समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, गुणोत्तर. किरणोत्सारी रुबिडियम-87 च्या ऱ्हासातून स्ट्रॉन्शियम-87 तयार होतं, त्यामुळे जुन्या ग्रॅनाइटमध्ये हे गुणोत्तर जास्त, तरुण बेसॉल्टमध्ये 0.704 च्या आसपास. खडकाचा आकडा नदीत उतरतो, तिथून खड्यात. अलास्कातल्या नुशागाक नदीचे सामन मासे नेमके कोणत्या उपनदीत वाढले, हे असंच शोधलं गेलं. मला हे मोजमाप जास्त भावतं. पण समुद्रात ते मुकं होतं, कारण जगभर समुद्राचा आकडा एकच, 0.7092.

खाडीत तर ते चकवतं. समुद्रात स्ट्रॉन्शियम इतकं भरपूर, की थोडं खारं पाणी मिसळलं तरी गुणोत्तर जवळपास समुद्राचं होतं. मासा खाडीत असतो, आकडा समुद्राचा येतो. अशा वेळी प्रमाणही शेजारी मांडावंच लागतं.

खड्याच्या केंद्राशी दोन्ही आकडे फसवतात. आई समुद्रातून आली असेल, तर अंड्यातल्या बलकातून तिचं स्ट्रॉन्शियम पिलाच्या खड्यात उतरतं आणि नदीत जन्मलेलं पिलू समुद्रातलं वाटतं. म्हणून जन्मनदी शोधताना केंद्र सोडून, पिलू स्वतः खायला लागल्यानंतरचा थर मोजतात.