मलायातील ‘केळीच्या नोटा’: संग्रहमूल्यामागचा इतिहास

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि ब्रिटिशांच्या ताब्यातला संपूर्ण मलाया (आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पीय भाग) जपानच्या ताब्यात गेला. तेथे चालवायच्या डॉलरच्या नोटा मात्र जपानने आधीच तयार ठेवल्या होत्या. मलायासाठी ‘एम’, ब्रह्मदेशासाठी ‘बी’, फिलिपिन्ससाठी ‘पी’ अशी आद्याक्षरे त्या त्या प्रदेशाच्या नोटांवर छापलेली असत. मलायाच्या दहा डॉलरच्या नोटेवर केळीचे झाड होते आणि त्यावरूनच या साऱ्या चलनाला ‘केळीच्या नोटा’ हे नाव पडले.

‘मागणी करताच धारकास पैसे देण्याचे वचन जपानी सरकार देते’ असा मजकूर या नोटांवर इंग्रजीत आहे, पण त्या वचनाला सोन्याचा किंवा अन्य कसलाही आधार नव्हता. जुन्या डॉलरच्या बरोबरीने त्या स्वीकाराव्याच लागत. संग्राहकाने येथे थोडे थांबून नोट नीट न्याहाळावी. सुरुवातीच्या एक, पाच आणि दहा डॉलरच्या काही नोटांवर अक्षरांपुढे अनुक्रमांक आढळतो. पुढच्या नोटांवर केवळ अक्षरे उरली. खर्च भागवण्यासाठी नोटांमागून नोटा छापल्या जात असताना त्यांवर क्रमांक घालणेच सोडून देण्यात आले, कागद आणि छपाईही खालावत गेली, महागाई भडकली आणि अखेरीस हजार डॉलरची नोट काढण्याची वेळ आली. चलनाच्या पडझडीचा इतका बोलका पुरावा माझ्या मते दुसरा नाही.

सप्टेंबर १९४५ मध्ये परतलेल्या ब्रिटिश लष्करी प्रशासनाने हे चलन रद्द ठरवले आणि ते बदलूनही दिले नाही, त्यामुळे ज्यांची सारी पुंजी या नोटांत होती, त्यांच्या हाती निव्वळ कागद उरला. मागे राहिलेले असे गठ्ठेच्या गठ्ठे पुढे संग्राहकांपर्यंत पोहोचले. म्हणूनच बिनक्रमांकाची दहा डॉलरची नोट कोरी करकरीत असली तरी आजही स्वस्तात मिळते, तर अनुक्रमांकाची नोट घडी पडलेली असूनही कितीतरी अधिक किंमत मिळवते. या तफावतीमुळेच साध्या नोटेवर मागाहून क्रमांक छापण्याची लबाडी होते. अंकांची शाई आणि ठेवण अस्सल नोटेशी भिंगाखाली ताडून पाहिल्याशिवाय अशी नोट विकत घेऊ नये.