हातातलं काम वर्गात शिकवताना: करिअर इन्स्टिट्यूटमधल्या प्रशिक्षकांसाठी माहितीपत्रक

मुंबई-ठाण्यातल्या करिअर इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे अनेक सर आणि मॅडम आधी वर्षानुवर्षं साइटवर, सलूनमध्ये, हॉटेलच्या किचनमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये राबलेले असतात. काम हातात मुरलेलं असतं आणि शिकवताना अडचण येते ती त्यामुळेच. मुरलेला हात मधल्या पायऱ्या न बोलता उरकतो, मुलांना फक्त सुरुवात आणि शेवट दिसतो. प्रशिक्षकांसाठीच्या आमच्या या प्रशिक्षणाचा सगळा भर या हरवलेल्या पायऱ्या परत शोधण्यावर आहे.

एक साधं उदाहरण: थ्री-पिन टॉप (तीन पिनांचा प्लग) जोडणं

जाणत्या वायरमनला याला तीन-चार मिनिटं पुरतात. पायऱ्या सुट्या करून लिहायला बसलं, की यादी लांबते. बाहेरचं आवरण साधारण ४ सेंटीमीटर सोलायचं (प्लगप्रमाणे थोडं कमी-जास्त). आतल्या तारांना कटरचा चरा पडला नाही ना, हे तार वाकवून बघायचं. फेज आणि न्यूट्रल आखूड कापायच्या, अर्थ लांब ठेवायची. टोकं ८ ते १० मिलिमीटर सोलून स्ट्रँडना (तारेतल्या तांब्याच्या बारीक धाग्यांना) पीळ द्यायचा. तपकिरी तार (फेज) ‘एल’ला, निळी (न्यूट्रल) ‘एन’ला, हिरवी-पिवळी (अर्थ) वरच्या जाड पिनला. कॉर्ड ग्रिप (केबल घट्ट धरणारी पट्टी) बाहेरच्या आवरणावर बसवायची, आतल्या सुट्या तारांवर नाही. मग प्लग सॉकेटमध्ये घालण्याआधी मल्टिमीटरवर तपासणी: प्रत्येक पिन आणि तिच्या तारेचं दुसरं टोक यांच्यात बझर वाजला पाहिजे, कोणत्याही दोन पिनांमध्ये वाजता कामा नये.

मुलं चुकतात त्या जागा ठरलेल्या असतात. पिळातून सुटलेला एखादा स्ट्रँड शेजारच्या टर्मिनलला टेकतो आणि शॉर्ट होतो. स्क्रूखाली तांब्याऐवजी इन्सुलेशन दाबलं जातं, जोड पक्का वाटतो पण सैलच राहतो आणि तापतो. तिन्ही तारा सारख्या लांबीच्या कापल्या, तर केबल ओढली जाताना अर्थ आधी सुटू शकते आणि उपकरण चालूच राहतं. सर्वांत धोक्याची चूक हीच, कारण बाहेरून काहीच कळत नाही. या जागा पाठ टाचणात लाल पेनाने लिहून ठेवा, डेमोत तिथे मुद्दाम थांबा.

डेमो चार वेळा, चार प्रकारे

पहिल्यांदा नेहमीच्या वेगाने, तोंडातून एक शब्द न काढता. मुलांना पूर्ण काम एकदा डोळ्यांनी बघू द्या. दुसऱ्यांदा सावकाश, प्रत्येक पायरी आणि तिचं कारण बोलत. तिसऱ्यांदा मुलांनी सांगायचं, तुम्ही त्यांच्या सांगण्याबरहुकूम करायचं. पायरी सुटली तर हात थांबवून वाट बघायची. चौथ्यांदा मुलगा स्वतः करतो आणि करताना बोलतो. बहुतेक वर्गांत दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर उडी मारली जाते. तिसरी फेरी गाळू नका. काय डोक्यात बसलं नाही ते तिथेच उघडं पडतं, आणि तेही साहित्य वाया न जाता.

उभं कुठे राहायचं, हाही प्रश्न आहे. मुलं टेबलापलीकडे असली तर त्यांना तुमचं काम उलटं दिसतं, तुमची उजवी बाजू त्यांची डावी होते. पाच-सहा जणांना खांद्यामागे घ्या आणि डेमो गटागटाने करा. फेज कुठे लावायची ते ‘उजवीकडे’ म्हणून सांगू नका, कारण प्लग पिनांच्या बाजूने धरला की बाजू बदलते. प्लगवर कोरलेली अक्षरं वाचायला लावा, आणि साइटवर ज्याला फेज म्हणतात तेच ‘एल’, हे फळ्यावर लिहा.

“समजलं का?” हा प्रश्न सोडा

याला अख्खा वर्ग “हो सर” म्हणतो. त्याऐवजी विचारा, “अर्थची तार लांब का ठेवली?” आणि मग गप्प राहा. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं, की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. मनात तीन आकडे मोजा. आधी प्रश्न, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटले म्हणून निवांत होतात.

९० मिनिटांचा तास, २० जणांची बॅच

विरार, कल्याण, पनवेलहून येणारी मुलं लोकलवर अवलंबून. पावसाळ्यात तर पहिली दहा मिनिटं कुणाच्याच हातात नसतात. तिथे नवीन काही सुरू करू नका, मागच्या तासाचे तीन प्रश्न वही बंद ठेवून लिहायला द्या. आठवायला लावलेलं जास्त टिकतं. पुढे १५ मिनिटं डेमो, ५० मिनिटं सराव, शेवटची १५ तपासणी आणि आवराआवर. सरावात जोड्या करा. एक करतो, दुसरा आठ मुद्द्यांच्या चिठ्ठीवर खुणा करतो, मग अदलाबदल. दहा जोड्यांना दोन-दोन मिनिटं दिली तरी वीस मिनिटांत तुम्ही सगळ्यांकडे एकदा पोहोचता. एकट्याने वीस कामं तपासायला बसलं, की शेवटच्या रांगेतला मुलगा नेहमी राहून जातो.

चूक दिसली की स्क्रू ड्रायव्हर स्वतःच्या हातात घेण्याचा मोह आवरा. “चिठ्ठीवरचा चौथा मुद्दा परत बघ” एवढं पुरतं. अपवाद फक्त इजा होण्याची शक्यता असेल तेव्हाचा. तिथे आधी हात धरा, मग बोला.

प्रमाणपत्राबद्दल

आयटीआयमध्ये निदेशक (तिथले शिक्षक) म्हणून जायचं असेल, तर केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचा एक वर्षाचा क्राफ्ट इन्स्ट्रक्टर अभ्यासक्रम बघा. तो राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये चालतो, मुंबईतली संस्था चुनाभट्टीला आहे. आमचं प्रशिक्षण त्याला पर्याय नाही, तुमच्या चालू वर्गाला लागणारी मदत आहे.

आमच्याकडे येताना

तुम्ही येत्या आठवड्यात शिकवणार असलेलं एकच काम निवडा, २० मिनिटांत होणारं. त्याच्या पायऱ्या आठवून नव्हे, तर काम प्रत्यक्ष करत असताना दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. ती यादी, लागणारी हत्यारं आणि मुलांनी केलेली दोन बिघडलेली कामं सोबत आणा. बिघडलेली कामं विसरू नका, पहिला तास त्यांच्यावरच होतो.