खालच्या घराण्यातल्या ड्राऊला जादू येत नाही? कोण म्हणतं!

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांचा, पात्र वठवायचा खेळ खेळणाऱ्यांत एक समज कधीपासून फिरतोय, की डार्क एल्फ म्हणजे ड्राऊ (खेळातली एक काल्पनिक जमात) खालच्या घराण्यातला असेल तर बिचाऱ्याला फक्त तलवार, जादू सगळी खानदानी लोकांना. अहो, २०१४ च्या नियमांत खानदानाचा विषयच नाहीये! साधा फायटर, म्हणजे लढवय्या, असला तरी नाचते दिवे ही जादू पहिल्या लेव्हलपासून, तिसरीला फेअरी फायर (समोरच्याला उजळवून टाकणारी जादू), पाचवीला अंधार पाडता येतो. त्या नियमांत घोळ आहे तो उन्हाचा, ते ड्राऊला सोसत नाही. स्वतः सावलीत उभा राहिलात आणि समोरचा गॉब्लिन उन्हात असला ना, तरीपण त्याच्यावर हल्ला करताना दोन फासे टाकून कमी आकडाच धरायचा, आणि तिथे सरदाराच्या पोरालासुद्धा सूट नाही बरं का.