महागडा फिल्टर लावला म्हणजे वर्षभर निवांत?

अमेरिका-कॅनडात नवीन घर घेतलेल्या मराठी मंडळींना हमखास मिळणारा सल्ला: ‘फर्नेसला सगळ्यात जास्त मर्व्हचा फिल्टर लाव, मग वर्षभर बघायला नको.’ फर्नेस म्हणजे हवा तापवून घरभर फिरवणारं यंत्र. हा सल्ला चुकीचा आहे, आणि ऐन थंडीत तो फार त्रास देतो.

मर्व्ह (MERV) हे फिल्टर किती बारीक कण अडवतो याचं १ ते १६ असं मोजमाप आहे. आकडा मोठा तितके बारीक कण अडतात, एवढं खरं. पण १ इंच जाडीचा दाट फिल्टर बहुधा हवेलाही जास्त अडवतो, आणि धूळ साचली की आणखीच. जास्त धूळ पकडणारा फिल्टर उलट लवकर भरतो! हवा कमी पडली की आतला हीट एक्स्चेंजर (हवा तापवणारा भाग) प्रमाणाबाहेर तापतो, लिमिट स्विच (अति तापल्यावर चालणारा सुरक्षा-स्विच) बर्नर बंद करतो, थोड्या वेळाने तो पुन्हा पेटतो. घर मात्र गारच, आणि आपण थर्मोस्टॅटला दोष देतो. उन्हाळ्यात सेंट्रल एसी बहुतेक घरांत फर्नेसच्याच ब्लोअरवर, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्यावर, चालतो. तेव्हा हवा कमी पडली तर एसीच्या थंड कॉइलवर बर्फ धरतो.

१ इंची फिल्टर दर महिन्याला काढून बघा आणि १ ते ३ महिन्यांत बदला. कुत्रा-मांजर असेल तर लवकरच. ४-५ इंची घडीदार फिल्टर जास्त टिकतो, पण त्याला खाच तेवढी रुंद लागते. घरात कुणाला दमा असेल किंवा वणव्याचा धूर येत असेल, तर मर्व्ह १३ जरूर लावा. फक्त तो आपल्या फर्नेसला झेपतो का, हे आधी तंत्रज्ञाला विचारा. आणि बसवताना फिल्टरवरचा बाण ब्लोअरच्या दिशेने ठेवा.