उपाशीपोटी या, श्वास रोखा

यकृताचं डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करायचं असलं की सकाळी उपाशीपोटी बोलावतात. उजव्या बरगड्यांखाली गार जेल लावतात, प्रोब टेकवतात आणि सांगतात, "श्वास घ्या... आता रोखा." पडद्यावरच्या करड्या चित्रात लाल-निळे पट्टे उमटतात आणि मशीनमधून वाऱ्यासारखा संथ, सलग आवाज येऊ लागतो. हा आवाज पोर्टल व्हेनचा. आतडी आणि प्लीहा यांतलं रक्त यकृताकडे नेणारी ही मोठी शीर. प्रोब जरा कलवला की शेजारच्या धमनीचा आवाज लागतो, ठोक्यागणिक फुस्‌-फुस्‌ करणारा.

यकृताला असं दोन वाटांनी रक्त मिळतं. मिनिटाला साधारण दीड लिटर, म्हणजे हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळपास चौथा हिस्सा. त्यातलं तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून येतं. पण त्यातला काही ऑक्सिजन आतड्यांनी आधीच वापरलेला असतो. त्यामुळे धमनीचं रक्त थोडं असूनही ऑक्सिजनचा निम्मा भार तीच उचलते.

गाडी शिट्टी वाजवत फलाटावरून निघून जाते तेव्हा शिट्टीची पट्टी एकदम उतरते, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्यामागचं तत्त्व भौतिकशास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉप्लर यांनी 1842 मध्ये प्राग इथं मांडलं, तेही ताऱ्यांच्या रंगांचा विचार करताना. इथं शिट्टीच्या जागी रक्तपेशींवरून परतणारा अल्ट्रासाउंडचा पडसाद असतो. मूळ ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही, पण जाता-येताना त्याच्या कंपनसंख्येत पडणारा फरक काहीशे हर्ट्झचा असतो, म्हणून तो थेट कानांनी ऐकता येतो. मला या तपासणीतली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

कंपनसंख्येतल्या या फरकावरून रक्ताचा वेग कळला, तरी मिनिटाला किती रक्त वाहतं हे काढायला शिरेचा व्यास लागतो, आणि खरी कसोटी तिथंच आहे. समजा, सरासरी वेग सेकंदाला 15 सेंमी आणि व्यास 11 मिमी आहे. हिशेब येतो मिनिटाला सुमारे 855 मिली. तोच व्यास 12 मिमी धरला तर 1,018 मिली! व्यासाचा वर्ग होत असल्यानं एका मिलिमीटरच्या चुकीनं उत्तर जवळजवळ 19 टक्क्यांनी फुगतं. कोनाचंही तसंच. ध्वनीची रेषा आणि प्रवाह यांच्यात 60 अंशांचा कोन असेल, तर 5 अंशांच्या चुकीनं वेग सुमारे 15 टक्क्यांनी चुकतो. 30 अंशांवर तीच चूक जेमतेम 5 टक्क्यांची. म्हणून 60 च्या पुढे जायचं नाही, हा सोनोग्राफीतला पक्का नियम.

श्वासानं शिरेचा व्यास बदलतो, उभं राहिल्यावर प्रवाह घटतो, व्यायामानंतरही घटतो. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण होतं त्या आजारात, हा प्रवाह मंदावतो, कधी उलटाही फिरतो. पण मंद कशाला म्हणायचं हे ठरवायला आधी धडधाकट माणसं मोजावी लागतात, सगळी एकाच स्थितीत, उपाशी आणि आडवी.

मग त्यांना जेवू घालून पुन्हा मोजतात. पचनासाठी आतड्यांकडे जास्त रक्त धावतं, पोर्टल व्हेन भरून वाहू लागते, आणि त्याच वेळी यकृताची धमनी आकसते. पोर्टल प्रवाह कमी असताना तिथं साठणारा अडेनोसिन हा पदार्थ धमनी सैल ठेवतो. प्रवाह वाढला की तो धुऊन जातो. मशीनवर हे स्पष्ट दिसतं: एका शिरेचा आलेख वर चढतो आणि शेजारच्या धमनीत दोन ठोक्यांमधला प्रवाह क्षीण होतो.